हद्दीलगतच्या गावाला सकाळची बस कशी मिळवावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वेंगुर्ला रस्ता सोडून तीन किलोमीटर आत, मध्यवर्ती बसस्थानकापासून १९ किलोमीटरवर आहे. सकाळी सातला एक गाडी, मग दहाला, मग थेट संध्याकाळी. आठच्या कॉलेजला मुलं वेळेत पोचत नाहीत. टमटमला रोज पैसे मोजावे लागतात आणि मुली तर पायरीवर लोंबकळत जातात. तीन वेळा अर्ज दिला, तिन्ही वेळा उत्तर एकच, गाड्या नाहीत, चालक नाहीत. हद्दीपलीकडे चार किलोमीटरवर चंदगडची, म्हणजे महाराष्ट्राची, एस.टी. येते, ती पुढं आमच्या गावावरून बेळगावला का येत नाही, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी ३४ वर्षं या कामात काढली. आधी वाहक होतो, नंतर बसस्थानकावर नियंत्रकाच्या खिडकीत बसलो. तुमच्यासारखे अर्ज मी शेकड्यांनी हाताळलेत. तुमच्या अर्जाची प्रत वाचली. "आमच्या गावास नवीन बस सुरू करावी" हे पहिलं वाक्य आहे आणि अर्ज अडला तो तिथंच. नवीन बस म्हणजे एक गाडी, चालक-वाहकांच्या जोड्या, डिझेल आणि आगारातल्या दुसऱ्या कुठल्या तरी गावाची गाडी काढून घेणं. आगार व्यवस्थापकाच्या हातात यातलं काहीच नसतं, त्यामुळं तो नाही म्हणून मोकळा होतो. त्याच्या हातात असते ती वेळ. तुम्हाला खरं तर गाडी नको आहे, सातची गाडी साडेसहाला हवी आहे. अर्जात तेच मागा.

गाडीचा दिवस कसा ठरतो ते सांगतो, म्हणजे हे पटेल. प्रत्येक गाडीचं एक शेड्यूल असतं. आगारातून किती वाजता निघायचं, कुठली फेरी कधी, जेवणाची सुट्टी कुठं, डेपोला परत कधी, सगळं त्यात ठरलेलं. माझ्या नोकरीत मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा लागू होता. त्याप्रमाणे चालक-वाहकाचं काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास. सलग ५ तास झाले की अर्धा तास विश्रांती द्यावीच लागायची. कामाची सुरुवात ते शेवट हा सगळा पसारा १२ तासांत बसवावा लागायचा. म्हणून तर पहाटे कॉलेजची फेरी आणि रात्री आठची फेरी एकाच जोडीकडून होत नाही. "तीच गाडी रात्री पण सोडा" असं लोक सहज म्हणतात, पण ते तिथं अडकतं.

आता तुमची सातची गाडी बघा. ती पावणेसहाला डेपोतून निघते, सहा-पाचला बसस्थानक सोडते, हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत सहा-पंचावन्नला तुमच्याकडं पोचते. सातला निघून सात-पन्नासला परत. पुढं टिळकवाडीच्या कॉलेजला शहर बस धरायची, म्हणजे आणखी वीस-पंचवीस मिनिटं. मुलं आठच्या पुढंच पोचणार, चालकानं गाडी कितीही दामटली तरी. हीच फेरी अर्धा तास अलीकडं घेतली तर मुलं सात-वीसला बसस्थानकात उतरतात. खर्च वाढतो का? एक किलोमीटरही नाही. जोडीची ड्युटी अर्धा तास आधी सुरू होते आणि अर्धा तास आधी संपते, एवढंच.

पण इथं एक गोष्ट तुम्हीच आधी तपासा. सहा-पाचला बेळगावहून जी गाडी तुमच्याकडं येते तिच्यातून कोण येतं? वाटेवरच्या गावांतली दुधाची माणसं, एखादी अंगणवाडी सेविका, रात्रपाळी करून उद्यमबागहून घरी जाणारा कामगार. त्यांची वेळ बदलली तर दुसरीकडून उलटा अर्ज येतो आणि पंधरा दिवसांत सगळं जिथल्या तिथं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाटेवरच्या गावांतल्या चार माणसांशी बोलून घ्या. त्यांच्या सह्या तुमच्याच अर्जावर असल्या तर सगळ्यात चांगलं.

दुसरा मार्ग म्हणजे शेजारच्या गावाची फेरी लांबवणं. तुमच्या पलीकडच्या गावाला सव्वासहाला गाडी येते आणि पंधरा मिनिटं उभी राहते, असं तुम्हीच लिहिलंय. ती तीन किलोमीटर पुढं आणली तर जाऊन-येऊन सहा किलोमीटर आणि साधारण पंधरा-अठरा मिनिटं वाढतात. त्यातली बरीचशी मिनिटं त्या उभं राहण्यातूनच निघतात. मात्र सगळी उभी वेळ खाऊ नका. चालकाला चहाची, लघवीची पाच मिनिटं लागतातच. मागच्या फेरीचा उशीरही त्याच वेळात भरून निघतो. ती वेळ काढून टाकली तर गाडी कागदावर धावते, पण रस्त्यावर दिवसभर मागं पडत जाते.

आता आकड्यांचं बोलू. आगारात "खूप मुलं आहेत" या वाक्याला वजन नसतं. रोज किती, कुठल्या थांब्यावर, किती जण मागं राहिले, याला असतं. एका गावानं हे काम फार छान केलं होतं, ते सांगतो. दहावीतल्या एका पोरीनं शंभरपानी वही घेतली. फाट्यावरच्या पिंपळाच्या पारावर बसून तिनं सलग बारा दिवस लिहून काढलं. गाडी किती वाजता आली, किती उतरले, किती चढले, किती राहिले, गाडीचा नंबर काय. पावसानं दोन पानांची शाई पसरली होती, ती तिनं बाजूला पुन्हा लिहिली होती. शेवटच्या पानावर बारा दिवसांची बेरीज. ती वही घेऊन सरपंच नव्हे, तिचे वडील आले. आगाराच्या साहेबांनी वही उलटसुलट बघितली, आमच्या तिकीट यंत्रातला त्याच फेरीचा हिशेब मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तिकिटांचा आकडा आणि वहीतला चढणाऱ्यांचा आकडा जवळजवळ सारखा निघाला. मग मागं राहिलेल्यांचा आकडाही खरा असणार हे आपोआप सिद्ध झालं. त्या गावाची फेरी महिन्याच्या आत बदलली. माझ्या आयुष्यात इतका चांगला अर्ज मी दुसरा पाहिला नाही.

इथं शक्ती योजनेचा मुद्दा येतो आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात रहिवासी असलेल्या महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास आहे. मोफत असला तरी तिकीट निघतं, शून्य रकमेचं. त्या शून्य तिकिटांच्या हिशेबावर सरकार महामंडळांना पैसे देतं. म्हणजे गर्दीत वाहक पुढं येऊ शकला नाही आणि तुमच्या गावच्या वीस मुली तिकीट न घेताच उतरल्या, तर त्या दिवशी गाडीत वीस माणसं कमी होती असंच यंत्र सांगणार. "फुकटच आहे, कशाला तिकीट" असं म्हणू नका. प्रत्येक मुलीनं आपला पुरावा दाखवून शून्य तिकीट मागून घ्यायचं, हे घरोघरी सांगा. तसंच, अर्जात पासांची संख्या देताना सांभाळा. विद्यार्थी पास सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावरून निघतात. मुलगे पास काढतात, पण बऱ्याच मुली शून्य तिकिटावरच जातात, त्यामुळं नुसत्या पासांवरून तुमचं गाव निम्मंच दिसतं. पास वेगळे, शून्य तिकिटं वेगळी, असं लिहा.

अर्ज कुणाला द्यायचा? पहिली प्रत आगार व्यवस्थापकाला. कन्नडमध्ये त्यांना घटक व्यवस्थापक म्हणतात. दुसरी प्रत विभागीय संचार अधिकाऱ्यांना, म्हणजे वाहतूक अधिकाऱ्यांना, कारण वेळापत्रक तिथं ठरतं. तिसरी विभागीय नियंत्रणाधिकाऱ्यांना. वायव्य कर्नाटक महामंडळाचं मुख्यालय हुबळीला आहे, पण एका फेरीच्या वेळेसाठी हुबळी गाठायची गरज नाही. बेळगाव विभागातच ते होतं. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की त्यांचा विभाग चिकोडी आहे. त्यांचे अर्ज बेळगावला आले की निम्मा वेळ कागद पुढं पाठवण्यातच जातो.

भाषेबद्दलही विचारलंय. संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत दिलात तर तो तुमचा हक्कच आहे आणि तो सोडू नये. पण मी नियंत्रकाच्या खिडकीत बसलेला माणूस म्हणून सांगतो, मराठी अर्जाच्या खाली त्याच पानावर कन्नडमध्ये सात-आठ ओळी लिहा. फेरीची आत्ताची वेळ, हवी असलेली वेळ, किलोमीटर, माणसांचा आकडा. टेबलावरचा माणूस तेवढं वाचून शेरा मारतो आणि कागद पुढं जातो. तुमच्या गावात कन्नड शाळा शिकलेली पोरं आहेतच, त्यांच्याकडून लिहून घ्या.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लांबलचक गाऱ्हाणं लिहू नका. एवढंच विचारा: अमुक फेरी मागच्या तीन महिन्यांत किती दिवस रद्द झाली, रद्द होण्याची कारणं कोणती, आणि या फेरीचं प्रति किलोमीटर उत्पन्न किती. रद्द दिवसांचा आकडा हातात आला की तुमच्या बोलण्याला धार येते.

आता हद्दीचं. हा विषय मला जवळचा आहे, कारण माझं आजोळ चंदगड तालुक्यात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि याच जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा होऊन कोल्हापूरला जोडला गेला. हद्द कागदावर बदलली, पण चंदगडच्या माणसाचा बाजार, दवाखाना, लग्नाचं कापड बेळगावलाच राहिलं. कोल्हापूर त्याला दूर, बेळगाव जवळ. म्हणून शिनोळी-बाचीचा तो पट्टा दिवसभर वाहतो. आमच्या आजीला दोन राज्यं कधी जाणवली नाहीत, तिला फक्त तिकीट दोनदा फाडलेलं दिसायचं.

तुमच्या गावावरून चंदगडची एस.टी. का येत नाही, याचं उत्तर मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमात आहे. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात नेमानं चालवायची तर दोन्ही राज्यांमध्ये करार लागतो. कुठल्या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि मसुदा तयार झाला की दोन्ही सरकारांना तो राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावा लागतो, लोकांच्या हरकती-सूचनांसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात, सुनावणीची तारीख आणि जागाही कळवावी लागते. म्हणजे हद्दीपासून तुमचं गाव दोन किलोमीटरवर असो की वीस, मार्ग करारात नसेल तर चंदगडचा आगार व्यवस्थापक मनात असूनही गाडी पाठवू शकत नाही. त्याच्यावर राग धरू नका. असा मसुदा जेव्हा छापला जाईल तेव्हा ते ३० दिवस चुकवू नका. दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचे ठराव करून पाठवले तर सुनावणीत त्यांना उत्तर द्यावंच लागतं. पण हे वर्षांचं काम आहे. तुमच्या यंदाच्या बारावीच्या मुलांना त्याचा उपयोग नाही.

यंदासाठी जवळची गोष्ट करा. चंदगड आगाराच्या बेळगावला येणाऱ्या गाड्या वेंगुर्ला रस्त्यावरून तुमच्या फाट्यापुढूनच जातात. तिथं विनंती थांब्यासाठी चंदगडच्या आगार व्यवस्थापकाकडं अर्ज द्या, प्रत कोल्हापूरच्या विभाग नियंत्रकांना. मंजूर मार्गावरचा थांबा मागणं नव्या मार्गापेक्षा कितीतरी हलकं काम आहे. मात्र भाड्याचा हिशेब मुलींना आधीच सांगून ठेवा. शक्तीचं शून्य तिकीट कर्नाटकच्या गाडीत चालतं, एस.टी.त नाही. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. फाटा ते बेळगाव हा सगळा टप्पा कर्नाटकात, म्हणून तिथं पूर्ण तिकीट पडतं. चंदगडहून बसलेल्या बाईला वाहक हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण आकारतो, त्यावरून गाडीत रोज वाद होतात. वाहकाचा त्यात दोष नसतो, यंत्रात टप्पे तसे भरलेले असतात. २०२५ च्या जानेवारीत दोन्ही राज्यांत भाडी जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढली, तेव्हापासून तर हे वाद जास्तच झाले.

अशीच गुंतागुंत निपाणीकडं बघायला मिळते. तिथलं देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मुलगा घरून निघतो कर्नाटकातून आणि तास भरतो महाराष्ट्रात. अथणी-कागवाडची माणसं दवाखान्यासाठी मिरजेला जातात, संकेश्वरची गडहिंग्लजला. चिंचलीच्या मायाक्काला माघात आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमांना अर्धा कोल्हापूर जिल्हा इकडं लोटतो, तेव्हा दोन्हीकडची आगारं जादा गाड्या सोडतात आणि त्या दिवसांत तुमच्या गावची एखादी फेरी गुपचूप रद्द होते. यात्रेची तारीख आधीच माहीत असते. त्या दोन-तीन दिवसांची फेरी रद्द करू नये असं आठवडाभर आधी लेखी कळवा, विशेषतः परीक्षा त्याच सुमारास असतील तर.

आणि तणावाचे दिवस. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस हद्दीपलीकडं गेल्याच नाहीत. असं झालं की गाड्या हद्दीच्या अलीकडं उभ्या राहतात आणि माणसं सामान डोक्यावर घेऊन चालत ओलांडतात. सगळ्यात जास्त हाल आजारी माणसांचे आणि परीक्षेच्या मुलांचे होतात. हद्दीपलीकडं परीक्षा असेल तर आदल्या दिवशी पलीकडं पाहुण्यांकडं मुक्कामाला पाठवा. त्या दिवसांत चालक-वाहकांच्या जिवालाही घोर असतो, त्यांना दोन शब्द गोड बोला.

मुक्कामी गाडीचा मुद्दा तुम्ही मांडला नाही, पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात टिकाऊ उत्तर तेच आहे. रात्री साडेआठ-नऊला गाडी गावात येते, तिथंच थांबते, सकाळी सहाला पहिली फेरी घेऊन निघते. पहाटे गाडी बेळगावहून आणण्याचे १९ किलोमीटर वाचतात आणि शहरातून रात्री परतणाऱ्यालाही गाडी मिळते. पूर्वी खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यांत अशा गाड्या खूप होत्या. कमी का झाल्या? मी स्वतः तीन वर्षं मुक्कामी ड्युटी केली, म्हणून सांगू शकतो. एका गावात आम्ही देवळाच्या सभामंडपात झोपायचो. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर झड आत यायची, पोतं पांघरून बसायचं. लाईट गेली की डास. पहाटे परसाकडला शेतात जायचं, हातात बॅटरी. माझ्या चालकाला एकदा तिथं विंचू चावला. त्यानंतर त्या गावाला जायला कुणी राजी होईना. ड्युटी लागली की रजा, आणि दोन महिन्यांत गाडी बंद पडली. गावानं मोर्चा काढला, घोषणा दिल्या, पण एक खोली दिली नाही.

त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गावानं काय केलं बघा. पंचायतीची जुनी वाचनालयाची खोली झाडून दिली. दोन खाटा, पंखा, पाण्याचा माठ, शौचालयाची किल्ली. आळीपाळीनं एका घरातून भाकरी-आमटी यायची. मी तिथं असताना सकाळी सहाच्या आत एक म्हातारे गृहस्थ बादली घेऊन गाडीची पुढची काच पुसून ठेवायचे, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ती गाडी मी निवृत्त होईपर्यंत चालू होती. तुमचा पुढचा अर्ज मुक्कामी फेरीसाठी असेल तर त्यात खोलीचा पंचायत ठराव जोडा. खोली, पाणी, शौचालय आणि गाडी उभी करायला उजेडाची जागा, चारही गोष्टी लिहा.

जागेवरून आठवलं, गाडी वळवायची जागा. अकरा-बारा मीटर लांबीच्या गाडीला एका दमात वळायला साधारण २४-२५ मीटर मोकळी रुंदी लागते. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत चौकातच देऊळ, देवळापुढं पार, पारापुढं ट्रॅक्टर-ट्रॉली. उसाच्या हंगामात तर बघायलाच नको. गाडी मागं घेताना रोज कुठं ना कुठं घासते आणि त्याचा जाब चालकाला द्यावा लागतो. मग तो फाट्यावरूनच गाडी परत फिरवतो आणि नोंद "रस्ता खराब" अशी होते. नव्या फेरीआधी खात्याचा माणूस मार्ग बघायला येतो तेव्हा तो पहिल्यांदा हीच जागा बघतो. शाळेचं मैदान असेल तर शाळेशी बोलून ठेवा, रस्त्यावर आलेल्या फांद्या छाटून घ्या आणि ओढ्यावरच्या मोरीचा कठडा तुटला असेल तर पंचायतीकडून आधी दुरुस्त करून घ्या.

शहरात उतरल्यावरचं थोडं. तुमच्या रस्त्याची गाडी क्लब रोडनं चन्नम्मा चौक करत बसस्थानकात जाते. टिळकवाडीच्या मुलांना बसस्थानकात नेऊन परत उलटं पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे. सकाळची एकच फेरी हिंडलग्यावरून कॅम्पातून गोगटे सर्कल, पुढं काँग्रेस रोडनं टिळकवाडीला नेता येईल का, हे अर्जात जरूर विचारा. तो रस्ता १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावरून त्या नावानं ओळखला जातो आणि आज बरीच कॉलेजं त्याच्या आजूबाजूला आहेत. अशी थेट फेरी दिली तर मुलांची बदलण्याची वेळ पूर्ण वाचते. त्याच पट्ट्यातली दोन-तीन गावं एकत्र आली तर हे मिळण्यासारखं आहे.

शहर बसच्या दोन गाड्या एकदम येतात आणि मग अर्धा तास एकही नाही, यात लोकांना वाटतं चालक मुद्दाम गप्पा मारत एकामागून एक येतात. तसं नसतं. पुढची गाडी रेल्वे गेटवर किंवा शहापूरच्या गर्दीत पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर पाच मिनिटांची माणसं जास्त जमतात, ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागं पडते. मागच्या गाडीला थांब्यावर माणसंच मिळत नाहीत, ती वेगानं येऊन हिला गाठते. अशा वेळी पुढची गच्च भरलेली गाडी सोडा आणि मागची धरा, ती दोन मिनिटांवरच असते. शनिवारी बाजारामुळं हे हमखास होतं, त्या दिवशी मुलांना दहा मिनिटं हातची ठेवायला सांगा.

गावातल्या वयस्क बायकांसाठी पाट्यांचंही सांगतो, कारण चुकीच्या गाडीत बसून हत्तरगीपर्यंत गेलेल्या आज्या मी परत आणल्या आहेत. पाटी कन्नडमध्ये असते, पण शब्द ठरलेले आहेत. "नगर सारिगे" म्हणजे शहर बस. "ग्रामांतर सारिगे" म्हणजे खेड्यांची, सगळीकडं थांबणारी. "वेगदूत" मोजक्या थांब्यांची. "तडेरहित" दिसलं की मधल्या गावच्या माणसानं चढू नये, ती वाटेत थांबत नाही. नातवाकडून हे चार शब्द कागदावर कन्नड अक्षरांत मोठे लिहून घ्या आणि सोबत आपल्या गावाचं नाव. तो कागद पिशवीत असला की अक्षरं जुळवून बघता येतात, कुणाला विचारत बसायची पाळी येत नाही.

वेळेचं शेवटचं. कॉलेजं जूनमध्ये उघडतात. वेळापत्रकात फेरबदल त्याच्या आधी होतात, म्हणून वही मार्चपर्यंत भरून ठेवा आणि अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. जुलैत दिलेला अर्ज पुढच्या वर्षीचा समजा. फेरी मिळाली की पहिले काही आठवडे ती परीक्षेवरच असते. उत्पन्न बघतात, भारमान, म्हणजे गाडी किती भरून जाते, ते बघतात. त्या दिवसांत टमटम लवकर आली तरी मुलांनी बसचीच वाट बघावी, दुधवाल्यांनी, बाजारवाल्यांनीही तिच्यातूनच जावं आणि प्रत्येकानं तिकीट घ्यावं. पहिल्या सकाळी चालक-वाहकाला पाराजवळ गरम चहा मिळेल असं बघा, आणि वळणावरचा तो ट्रॅक्टर आदल्या रात्रीच बाजूला काढून ठेवा.